डायनॅमोडीबीचा स्कॅन अर्ध्याच नोंदी देतो: कारणं, तपासणी आणि पक्का इलाज

नोंद डायनॅमोडीबीच्या, म्हणजे एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या डेटाबेसच्या, टेबलमध्ये आहे. की देऊन थेट मागितली तर लगेच मिळते. पण पूर्ण टेबल स्कॅन करून बनवलेल्या यादीत ती नाही. एरर आलेली नाही, लॉग स्वच्छ आहे, प्रतिसादाचा कोड २००, म्हणजे सगळं ठीक. मग कोणीतरी लिमिट वाढवून बघतं, कोणी फिल्टर बदलतं, यादी पुन्हा पूर्ण दिसायला लागते आणि विषय बंद होतो. डेटा आणखी वाढला की तीच तक्रार नव्या नावाने परत येते: अहवालातली बेरीज चुकते, काही ग्राहकांना मेल जात नाही, रात्रीचं साफसफाईचं काम जुन्या नोंदी मागे ठेवून जातं.

हा दोष परत परत येतो, कारण तो छोट्या टेबलवर दिसूच शकत नाही. विकासाच्या वेळी टेबलमध्ये शंभर-दोनशे नोंदी असतात, त्या एकाच प्रतिसादात मावतात आणि चुकीचा कोडही बरोबर उत्तर देतो. म्हणून लिमिट, फिल्टर यांच्याशी खेळण्याआधी स्कॅन नेमकं काय परत देतो हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. त्यावर खर्च केलेला वेळ पुढे अनेक रात्री वाचवतो.

आधी हे तपासा

स्कॅनच्या प्रतिसादात नोंदींशिवाय तीन गोष्टी असतात आणि निदान त्यांच्यातच आहे. काउंट म्हणजे तुमच्या हातात आलेल्या नोंदी. स्कॅन्डकाउंट म्हणजे फिल्टर लावण्याआधी डेटाबेसने वाचलेल्या नोंदी. आणि लास्टइव्हॅल्युएटेडकी म्हणजे शेवटी वाचलेल्या नोंदीची प्रायमरी की, नोंद ओळखणारी किंमत. वाचता वाचता थांबलो तिथे पुस्तकात घातलेली खूण. पुढे मी तिला खूणच म्हणेन.

प्रत्येक कॉलनंतर या तिन्ही गोष्टी लॉग करा. पहिल्या कॉलनंतर खूण आली आणि तुमचा कोड तिथेच थांबला, तर दोष सापडला. खूण आली नाही आणि तरीही नोंद गायब आहे, तर कारण वेगळं आहे. ते पुढे येईल.

कमांड लाइनवर तीच विनंती चालवून बघितली की बरेच जण आणखी गोंधळतात, कारण तिथे उत्तर पूर्ण येतं. एडब्ल्यूएसचं कमांड लाइन साधन मुळातच सगळी पानं (एका कॉलच्या प्रतिसादाला पान म्हणू) स्वतः मागून घेऊन एकत्र दाखवतं. म्हणून 'कमांड लाइनवर बरोबर, कोडमध्ये अपुरं' ही जोडी दिसली की डेटा किंवा परवानग्यांवर संशय घेण्याआधी पानं उलटणारा लूप तपासा. कमांड लाइनला पानं उलटू नकोस असं सांगणारा पर्यायही आहे. तो लावला की कोडला दिसतं तेच तिथे दिसेल.

टेबलच्या वर्णनात नोंदींची एकूण संख्या मिळते, तिच्याशी ताळा घ्यायचा मोह होतो. ती संख्या साधारण सहा तासांनी एकदा अद्ययावत होते. ढोबळ अंदाजासाठी ठीक, पण 'दहा नोंदी कमी का' या प्रश्नाला ती साक्षीदार म्हणून चालणार नाही.

१ एमबीची मर्यादा कुठे मोजली जाते

एक स्कॅन कॉल जास्तीत जास्त १ एमबी डेटा वाचतो आणि थांबतो. मोजणी होते ती वाचलेल्या डेटाची. तुम्हाला मिळालेल्या नोंदींचा त्या मोजणीशी संबंध नाही. आधी वाचन, मग १ एमबीची रेघ, त्यानंतर फिल्टर. हा क्रम डोक्यात पक्का बसला की बहुतेक कोडी सुटतात.

आकडे घेऊन पाहू. प्रत्येक नोंद सरासरी २ केबीची धरा. मग एका पानात साधारण ५१२ नोंदी वाचल्या जातात. टेबलमध्ये १०,००० नोंदी असतील तर वीसेक पानं होतात. आता फिल्टर लावा: स्थिती 'रद्द' असलेल्या नोंदीच हव्यात आणि अशा सगळ्या टेबलमध्ये तीसच आहेत. वीस पानांत तीस नोंदी विखुरलेल्या. एखाद्या पानात चार मिळतील, एखाद्यात एक, आणि काही पानं पूर्ण रिकामी येतील. रिकामं पान, काउंट शून्य, स्कॅन्डकाउंट ५१२ आणि सोबत खूण: हा अगदी नियमाला धरून आलेला प्रतिसाद आहे.

नेमका इथेच सर्वाधिक कोड चुकतो. 'पान रिकामं आलं म्हणजे डेटा संपला' अशी अट लूपमध्ये लिहिलेली असते आणि ती दिसायला इतकी स्वाभाविक असते की कोड तपासणाऱ्याचीही नजर तिच्यावर अडकत नाही. याची उलट बाजूही खरी आहे: खूण आली म्हणजे पुढे नोंदी आहेतच असं नाही. टेबलमध्ये बरोबर शंभर नोंदी असतील आणि लिमिटही शंभरच दिली, तर शंभर नोंदींसोबत खूण येते. पुढचा कॉल रिकामा येतो आणि तेव्हा खूण नसते.

डेटा संपल्याची खूणगाठ एकच: प्रतिसादात लास्टइव्हॅल्युएटेडकी नसणं. काउंट शून्य असणं, काउंट लिमिटपेक्षा कमी असणं, अपेक्षेइतक्या नोंदी मिळणं, यांपैकी कशालाही शेवट समजू नका.

लिमिटचा गैरसमज

एसक्यूएलमधून आलेल्या माणसाला लिमिट २५ म्हणजे 'अटीत बसणाऱ्या २५ ओळी द्या' असं वाटतं. स्कॅनमध्ये लिमिट २५ म्हणजे '२५ नोंदी वाचा आणि थांबा'. फिल्टर त्यानंतर लागतो. वरच्या उदाहरणात लिमिट २५ आणि 'रद्द'चा फिल्टर एकत्र दिला तर बहुतेक वेळा शून्य नोंदी मिळतील. मग लिमिट १०० केली की एखादी येते, ५०० केली की दोन-तीन येतात, आणि 'लिमिट वाढवली की सुटतं' ही समजूत टीममध्ये रुजते. लिमिट कितीही मोठी दिली तरी १ एमबीची रेघ तिच्या आधी येऊ शकते. ती वाढवून पूर्ण यादी कधीच मिळणार नाही.

लिमिटचा खरा उपयोग पानाचा आकार आटोक्यात ठेवण्यासाठी आहे. त्याबद्दल क्षमतेच्या भागात.

लूप कसा असावा

कोणत्याही भाषेत सांगाडा हाच (एक्सक्लुझिव्हस्टार्टकी म्हणजे 'या कीच्या पुढून वाच' असं सांगणारं पॅरामीटर):

खूण = काही नाही
पुन्हा पुन्हा करा:
　विनंतीत टेबलचं नाव आणि फिल्टर भरा
　खूण असेल तरच विनंतीत एक्सक्लुझिव्हस्टार्टकी = खूण
　प्रतिसाद घ्या
　या पानातल्या नोंदींवर काम करा (शून्य असल्या तरी पुढे चला)
　खूण = प्रतिसादातली लास्टइव्हॅल्युएटेडकी
　खूण नसेल तर थांबा

यात चार ठिकाणी घसरायला होतं.

चौथ्या ओळीतलं 'असेल तरच' महत्त्वाचं आहे. पायथनच्या बोटो-थ्री लायब्ररीत पहिल्या कॉलला एक्सक्लुझिव्हस्टार्टकी म्हणून 'नन' पाठवलं तर पॅरामीटर चुकीचा असल्याची एरर येते. ती टाळायला काही जण रिकामा डिक्शनरी पाठवतात, तोही चालत नाही. खूण नसेल तर ते पॅरामीटर विनंतीत घालूच नका.

दुसरी चूक: खूण वाचली, पण पुढच्या विनंतीत घातलीच नाही. मग पहिलं पान पुन्हा पुन्हा येत राहतं, लूप संपत नाही, नोंदी दुप्पट-तिप्पट दिसतात आणि प्रत्येक फेरीचे पैसे लागतात. अपुऱ्या यादीपेक्षा हा दोष महाग. नवी खूण आधीच्या खुणेशी जुळली तर एरर टाकून बाहेर पडायचं, एवढी एक ओळ लूपमध्ये असू द्या.

तिसरी: नोंदी गोळा करणारी यादी लूपच्या आत तयार केलेली असते. प्रत्येक पान आधीचं पुसतं आणि शेवटी हातात फक्त शेवटचं पान राहतं. ते पान रिकामं असेल तर 'स्कॅन काहीच देत नाही' अशी तक्रार येते.

चौथी सगळ्यात लबाड. लूपभोवती एरर पकडणारा भाग असतो आणि एरर आल्यास तोवर जमलेली यादी परत दिली जाते. सातव्या पानावर क्षमता ओलांडल्याची एरर आली की सहा पानांची यादी 'पूर्ण' म्हणून पुढे जाते. हे रोज घडत नाही, वर्दळ असलेल्या वेळीच घडतं, म्हणून पुन्हा घडवून दाखवणं कठीण जातं. स्कॅन अर्धवट राहिला तर वरच्या कोडला ते कळलंच पाहिजे: एरर वर जाऊ द्या, किंवा यादीसोबत 'अपूर्ण' असं स्पष्ट सांगा आणि खूणही द्या. निम्मी यादी गुपचूप पूर्ण म्हणून खपवणं मला कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही.

शक्य असेल तिथे हा लूप हाताने लिहू नका. बोटो-थ्रीच्या क्लायंटमध्ये स्कॅनसाठी पॅजिनेटर (पानं स्वतः उलटणारी सोय) आहे, जावास्क्रिप्टच्या तिसऱ्या आवृत्तीच्या एसडीकेत (एडब्ल्यूएसच्या त्या भाषेसाठीच्या लायब्ररीत) पॅजिनेटस्कॅन आहे, गो आणि जावाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या एसडीकेतही तशीच सोय आहे. मात्र बोटो-थ्रीचा टेबल रिसोर्स वापरत असाल तर त्याचा स्कॅन एकच पान देतो, हे ध्यानात असू द्या. नाव तेच आणि वागणूकही तीच असेल असं धरून चालणाऱ्यांची इथे फसगत होते. जावाच्या जुन्या मॅपरमध्ये उलट प्रकार: तो यादीसारखी दिसणारी वस्तू देतो, गरज पडेल तशी पानं मागतो, आणि तुम्ही सहज तिचा आकार विचारलात की अख्खं टेबल वाचून मेमरीत आणतो.

फक्त संख्या हवी असेल तरी

स्कॅनच्या सिलेक्ट या पॅरामीटरमध्ये काउंट दिलं की नोंदी येत नाहीत, फक्त आकडा येतो. पण तो आकडा त्या पानाचा असतो. १ एमबीची रेघ आणि खूण इथेही आहेतच. सगळ्या पानांचे आकडे तुम्हालाच बेरजेत घ्यावे लागतात. वाचनाचा खर्चही पूर्ण लागतो. पार्टिक्यूएलने (डायनॅमोडीबीच्या एसक्यूएलसारख्या भाषेने) सिलेक्ट लिहिलात आणि अटीत पार्टिशन की (प्रायमरी कीचा पहिला भाग) नसेल तर आतून स्कॅनच होतो. तिथे खुणेचं नाव नेक्स्टटोकन एवढाच फरक.

पान दाखवणारी स्क्रीन: हरवणाऱ्या पंधरा नोंदी

लूप बरोबर लिहिल्यावरही उरणारा आणि शोधायला सर्वात अवघड असा एक दोष आहे. स्क्रीनवर एका वेळी २५ नोंदी दाखवायच्या आहेत. फिल्टर आहे, म्हणून तुम्ही २५ जमेपर्यंत पानं मागत जाता. समजा तिसऱ्या पानाअखेर ४० जमल्या. तुम्ही पहिल्या २५ दाखवता आणि 'पुढे' या बटणासाठी तिसऱ्या पानाची खूण जपून ठेवता. वापरणाऱ्याने 'पुढे' दाबलं की वाचन तिसऱ्या पानानंतर सुरू होतं. मधल्या पंधरा नोंदी कुणालाच, कधीच दिसत नाहीत.

इथे प्रतिसादातली खूण वापरायची नाही. दाखवलेल्या पंचविसाव्या नोंदीची प्रायमरी की घेऊन तीच पुढच्या वेळी एक्सक्लुझिव्हस्टार्टकी म्हणून द्यायची. खूण म्हणजे शेवटी प्रायमरी कीच असल्यामुळे हे चालतं. टेबलला सॉर्ट की (प्रायमरी कीचा दुसरा भाग) असेल तर दोन्ही भाग हवेत. ग्लोबल सेकंडरी इंडेक्स (वेगळ्या कीने शोधता यावं म्हणून ठेवलेली टेबलची दुसरी मांडणी) स्कॅन करत असाल तर इंडेक्सची की आणि मूळ टेबलची की, दोन्ही मिळून खूण बनते. त्यातला एक भाग राहिला तर विनंती नाकारली जाते. फिल्टर बदलला की खूण टाकून द्या आणि पहिल्यापासून सुरू करा. जुन्या फिल्टरची खूण नव्या फिल्टरला दिली तर एरर येणार नाही, पण आधीच्या भागातल्या नव्या अटीत बसणाऱ्या नोंदी सुटतील.

ही खूण ब्राउझरकडे पाठवताना बेस६४ करून पाठवण्याची पद्धत आहे. बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे. ती कोणीही उलगडून वाचू शकतं. कीमध्ये फोन नंबर किंवा ईमेल असेल तर तो बाहेर गेला असं समजा. परत आलेल्या खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तिच्यावर सर्व्हरची सही घाला आणि परत आल्यावर ती पडताळा, किंवा खूण सर्व्हरवर ठेवून ब्राउझरला फक्त एक अनोळखी टोकन द्या.

आणि 'पान ७ वर थेट जा' असं बटण स्कॅनवर देता येत नाही. सातव्या पानाची खूण मिळण्यासाठी आधीची सहा वाचावीच लागतात. अशी मागणी आली तर ती डिझाइनच्या टप्प्यावरच नाकारलेली बरी.

लूप बरोबर, तरीही नोंद नाही

खूण संपेपर्यंत सगळं वाचलं, स्कॅन्डकाउंटची बेरीज टेबलच्या आकाराशी जुळते, आणि काउंट कमी. आता फिल्टरकडे वळा. सर्वात नेहमीचं कारण प्रकारातला फरक: नोंदीत ५ हा अंक आहे आणि फिल्टरमध्ये '५' ही अक्षरं. डायनॅमोडीबी त्यांना वेगळं मानतो, एरर देत नाही, नोंद फक्त गाळतो. वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या सेवांनी लिहिलेल्या टेबलमध्ये एकाच रकान्यात दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून निम्म्या नोंदी येतात आणि निम्म्या नाहीत. तो रकाना मुळातच नसलेली नोंदही तुलनेत बसत नाही.

स्टेटस, नेम यांसारखे शब्द राखीव आहेत. ते फिल्टरमध्ये थेट लिहिले तर एरर येते आणि टोपणनाव द्यावं लागतं. हा दोष निदान आवाज तरी करतो.

मूळ टेबलऐवजी इंडेक्स स्कॅन होत असेल तर ज्या नोंदीत इंडेक्सच्या कीचा रकाना नाही ती तिथे असणारच नाही. शिवाय ग्लोबल सेकंडरी इंडेक्सवर नुकतंच लिहिलेलं दिसायला क्षणभर वेळ लागू शकतो आणि तिथे ठाम सुसंगत वाचन (आधी पूर्ण झालेलं लेखन नक्की दिसेल असं वाचन) मागताच येत नाही.

याच्या उलट तक्रारही येते: मुदत संपलेल्या नोंदी यादीत दिसतात. टीटीएल (आपोआप काढून टाकण्याची मुदत) लावलेली नोंद मुदतीच्या क्षणी जात नाही. ती पार्श्वभूमीत सवडीने काढली जाते, त्याला काही दिवसही लागू शकतात, आणि तोवर स्कॅनमध्ये येते. मुदतीची अट फिल्टरमध्ये स्वतः घाला.

वाचत असताना टेबल बदलत असतं

स्कॅन म्हणजे टेबलचा एका क्षणाचा फोटो नाही. पहिलं पान वाचून झाल्यावर त्या भागात लिहिलेली नोंद तुम्हाला दिसणार नाही. अजून न वाचलेल्या भागात लिहिलेली दिसू शकेल. मुळात स्कॅन ठाम सुसंगत नसतो. कन्सिस्टंटरीड चालू केलं तर स्कॅन सुरू होण्याआधी पूर्ण झालेलं लेखन दिसेल याची हमी मिळते, पण खर्च दुप्पट होतो आणि सुरू झाल्यानंतरच्या बदलांबद्दल तरीही काही हमी नाही. हिशेबाचा ताळा, रोजची अखेरची शिल्लक अशा कामांसाठी चालू टेबलवरच्या स्कॅनवर विसंबू नका.

क्रमाबद्दलही अपेक्षा ठेवू नका. एका पार्टिशन कीच्या आतल्या नोंदी सॉर्ट कीच्या क्रमाने येतात, पण पार्टिशन की आपसात हॅशच्या क्रमाने येतात. 'सर्वात नवीन दहा' हे उत्तर पहिल्या पानातून मिळत नाही.

क्षमता आणि थ्रॉटलिंग

फिल्टरमुळे खर्च कमी होत नाही. फक्त काही रकाने मागितले तरी होत नाही. नेटवर्कवरून कमी डेटा येतो इतकंच. वाचनाचं एक एकक म्हणजे ४ केबीचं एक ठाम सुसंगत वाचन किंवा तसली दोन साधी वाचनं. त्या हिशेबाने १ एमबीचं एक साधं पान १२८ एककं खातं आणि वरच्या उदाहरणातलं १०,००० नोंदींचं टेबल एकदा वाचायला २,५०० च्या आसपास एककं लागतात, मग मिळालेल्या नोंदी तीस असोत की शून्य. रिटर्नकन्झ्युम्डकपॅसिटी चालू ठेवा म्हणजे प्रत्येक पानाचा खरा आकडा प्रतिसादातच मिळेल.

टेबलची क्षमता सेकंदाला ५० एककं ठरवलेली असेल आणि स्कॅन सलग १२८-१२८ उपसत असेल, तर त्याच टेबलवरची वापरणाऱ्यांची साधी वाचनं अडतात. दोष स्कॅनचा आणि तक्रार भलत्याच स्क्रीनची, म्हणून शोधायला वेळ जातो. इथे लिमिट कामी येते: पान छोटं करा, दोन पानांमध्ये थोडं थांबा, आणि मागच्या पानाने किती एककं खाल्ली त्यावरून पुढचा विसावा ठरवा. थ्रॉटलिंगची (क्षमता ओलांडल्यामुळे विनंती अडवल्याची) एरर आल्यावर वाढत्या आणि थोड्या अनियमित अंतराने पुन्हा प्रयत्न करा, त्याच खुणेपासून. एसडीके काही वेळा हे स्वतः करतं. त्याचे प्रयत्न संपल्यावर येणारी एरर मात्र तुमचा प्रश्न आहे.

समांतर स्कॅन हा वेग वाढवण्याचा मार्ग. टोटलसेगमेंट्समध्ये एकूण भाग, सेगमेंटमध्ये शून्यापासून सुरू होणारा आपला क्रमांक. एडब्ल्यूएसचा सल्ला असा की टेबल २० जीबी किंवा जास्त असेल आणि वाचनाची क्षमता शिल्लक असेल तेव्हाच हे करा, आणि सुरुवातीला दर २ जीबीमागे एक भाग धरा. प्रत्येक भागाची खूण वेगळी असते आणि ती त्याच भागाला, त्याच एकूण संख्येसह परत द्यायची. मध्येच एकूण भाग बदलले तर जुन्या खुणा टाकून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एक भाग लगेच संपला म्हणून बाकीचे संपले असं होत नाही. सगळ्यांच्या खुणा संपल्यावरच काम पूर्ण.

लांबलेलं काम मध्येच तुटलं तर

लॅम्डा फंक्शन (एडब्ल्यूएसवर गरजेपुरता चालणारा कोड) जास्तीत जास्त १५ मिनिटं चालतं. मोठं टेबल तेवढ्यात संपत नाही आणि फंक्शन मधेच मारलं जातं. पुढच्या वेळी ते पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतं, तेवढंच अंतर कापतं आणि पुन्हा मरतं. टेबलच्या शेवटच्या भागातल्या नोंदींना महिनोन्महिने हातच लागत नाही. 'ठरावीक नोंदी कायम सुटतात' अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा.

खूण ही निव्वळ की असल्यामुळे ती शिळी होत नाही. सर्व्हरवर तिच्यासाठी काही उघडं ठेवलेलं नसतं. तासांनी, दिवसांनी तीच खूण देऊन पुढे जाता येतं आणि मधल्या काळात ती नोंद डिलीट झाली असेल तरी अडत नाही. म्हणून प्रत्येक पानानंतर खूण कुठेतरी टिकाऊ जागी लिहा. क्रम मात्र पक्का ठेवा: आधी पानावरचं काम पूर्ण, मग खूण. उलट केलंत आणि मध्येच बंद पडलं तर एक अख्खं पान कायमचं सुटेल. या क्रमाने फार तर एक पान दोनदा होईल, म्हणून काम असं लिहा की तीच नोंद दुसऱ्यांदा आली तरी बिघडू नये. फंक्शनला उरलेला वेळ विचारता येतो. मिनिटभर शिल्लक असताना स्वतःहून थांबा आणि पुढचं फंक्शन खुणेसह सुरू करा. सगळ्या नोंदी एका यादीत जमवून शेवटी काम करण्याची पद्धत मात्र सोडा, नाहीतर वेळेऐवजी मेमरी संपेल.

चाचणी

चाचणीत १ एमबी डेटा भरायची गरज नाही. लिमिट १ किंवा २ ठेवा, दहा नोंदी घाला, आणि फिल्टर असा द्या की पहिल्या काही नोंदी अटीत बसणार नाहीत. मग रिकामी पानं, खुणेसह आलेलं शेवटचं पान, सगळे प्रकार क्षणात समोर येतात. पानाचा आकार बाहेरून देता येईल असा कोड लिहिला की हे जमतं. चाचणी एकच: लिमिट १, ३ आणि न दिलेली, तिन्ही वेळा नोंदींचा संच तोच आला पाहिजे. डायनॅमोडीबी लोकलवर (स्वतःच्या मशीनवर चालणाऱ्या आवृत्तीवर) ही चाचणी फुकट चालते, प्रत्येक बदलासोबत चालवा.

स्कॅन टाळता आला तर

वापरणारा स्क्रीनसमोर थांबलेला असताना स्कॅन चालत असेल तर लूप कितीही नेटका असला तरी टेबल वाढेल तसा तो मंदावत जाईल. 'रद्द' नोंदी वारंवार लागत असतील तर फक्त रद्द झाल्यावरच भरला जाणारा एक रकाना ठेवा आणि त्यावर ग्लोबल सेकंडरी इंडेक्स बनवा. ज्या नोंदीत तो रकाना नाही ती इंडेक्समध्ये जातच नाही, म्हणून इंडेक्समध्ये तीसच नोंदी राहतात. नोंद रद्दबातल अवस्थेतून बाहेर आली की रकाना काढून टाका. तोच गुण जो वर दोष म्हणून आला, इथे उपयोगी पडतो. इंडेक्स क्वेरी केला (म्हणजे की देऊन शोधला) तरी १ एमबीची रेघ, खूण आणि लूप सुटत नाहीत, हे विसरू नका. क्वेरीला आणि स्कॅनला तोच नियम आहे. इतर क्लाउड डेटाबेसमध्येही असंच काही असतं. मायक्रोसॉफ्टचा कॉसमॉस डीबी कंटिन्युएशन टोकन देतो आणि तिथेही टोकनसह रिकामं पान येऊ शकतं.

अहवाल, विश्लेषण, स्थलांतर अशा पूर्ण टेबल लागणाऱ्या कामांसाठी एस-थ्रीवर (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवण्याच्या सेवेवर) एक्सपोर्ट करा. त्यासाठी टेबलवर पॉइंट इन टाइम रिकव्हरी (मागच्या एखाद्या क्षणाची स्थिती परत मिळवण्याची सोय) चालू असावी लागते. एक्सपोर्ट टेबलची वाचनक्षमता वापरत नाही, त्यामुळे वापरणाऱ्यांची वाचनं अडत नाहीत. शिवाय स्कॅन जे देऊ शकत नाही ते इथे मिळतं: तुम्ही सांगाल त्या क्षणाचं चित्र, मागच्या ३५ दिवसांपर्यंतचं. त्याचे वेगळे पैसे लागतात, म्हणून तुमच्या टेबलच्या आकारावर दोन्हींचा खर्च मांडून पाहा. एकदाच चालवायची दुरुस्ती किंवा लहान, न वाढणारं टेबल असेल तर स्कॅनच सोपा पडतो. तेव्हाही पॅजिनेटर वापरा आणि काउंट, स्कॅन्डकाउंट, खूण लॉगमध्ये असू द्या.